नाव राखणारे वृत्तपत्र

दक्षिण तिरोलमधले अनेक वाचक ‘डोलोमीटन’ हातात घेतात तेव्हा पहिले पान वरवर चाळून मधल्या पानांकडे वळतात. तिथे निधनाच्या जाहिराती असतात: मृत व्यक्तीचा छोटा फोटो, नाव, वय, जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ, अंत्यविधी कोणत्या गावच्या चर्चमध्ये आणि किती वाजता. शेतकरी कुटुंब असेल तर आणखी एक नाव येते, घराचे. आल्प्सच्या या भागात जुन्या शेतघरांना स्वतःची नावे असतात. घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते, माणसे येतात आणि जातात, आणि गावात माणसाची ओळख आडनावापेक्षा घराच्या नावानेच सांगितली जाते. जाहिरातीत घराचे नाव नसेल तर गेले कोण हे शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाला कळणार नाही.

आपल्याकडेही पेपर मागच्या पानावरून उघडणारी वडीलधारी माणसे घरोघर असतात, त्यामुळे यात नवल काय, असे कुणालाही वाटेल. नवल कळायला एक तारीख माहीत असावी लागते. १९२७ साली याच प्रदेशात नव्या थडग्यांवर जर्मन मजकूर कोरायला बंदी घालण्यात आली. जिवंतपणी शाळा, कचेरी आणि रस्त्यावरची पाटी यांतून हद्दपार झालेली भाषा मेल्यावर दगडावरही उमटू द्यायची नाही, असा तो हुकूम होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो काळ काढला ती माणसे आज रोज सकाळी छापील जर्मनमध्ये आपल्या माणसांची नावे वाचतात. या वृत्तपत्राच्या इतिहासाकडे आणि वाचकांकडे मी या पानांच्या वाटेने जाणार आहे. भाषेचे वृत्तपत्र नावे राखण्याचे काम करते, ते कसे करते, आणि ती राखण करता करता स्वतःच मालक होऊन बसते का, हा या पुस्तकाचा विषय आहे.

*

आधी भूगोल. ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेला, इटलीच्या अगदी उत्तर टोकाला हा प्रांत आहे. जर्मनमध्ये त्याला ‘झ्यूडटिरोल’ म्हणजे दक्षिण तिरोल म्हणतात, इटालियनमध्ये ‘आल्तो आदिजे’, म्हणजे आदिजे नदीचा वरचा भाग. राजधानीचे नाव जर्मनमध्ये बोत्सन, इटालियनमध्ये बोल्झानो. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९.४ टक्के लोकांनी स्वतःची नोंद जर्मन गटात केली, २६ टक्क्यांनी इटालियन गटात आणि साडेचार टक्क्यांनी लादिन गटात. लादिन ही काही खोऱ्यांपुरती उरलेली जुनी रोमान्स भाषा आहे. इटलीच्या नकाशात हा प्रांत लहान दिसतो, पण प्रांताच्या आत बहुसंख्य लोक जर्मनभाषक आहेत. देशात अल्पसंख्य आणि घरात बहुसंख्य अशी त्यांची दुहेरी स्थिती आहे. ती लक्षात ठेवली नाही तर या वृत्तपत्राचा एकही वाद समजणार नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. १९१० च्या जनगणनेत इथले इटालियनभाषक तीन टक्क्यांच्या आत होते. युद्ध संपले, साम्राज्य मोडले, १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने ब्रेनरपर्यंतचा मुलूख इटलीला मिळाला आणि ऑक्टोबर १९२० मध्ये तो रीतसर जोडून घेण्यात आला. सरहद्द माणसांच्या डोक्यावरून पुढे सरकली. माणसे होती तिथेच राहिली. भाषेच्या आणि राज्याच्या रेषा जुळत नाहीत तेव्हा रोजचे जगणे कसे होते, हे सीमाभागातल्या मराठी वाचकाला मी सांगायला नको.

या प्रदेशात तोवर जर्मन वृत्तपत्रांची चांगली वस्ती होती. मेरान, ब्रिक्सन, बोत्सन अशा छोट्या शहरांचीही स्वतःची पत्रे होती. त्यांपैकी ‘डेअर टिरोलर’ म्हणजे ‘तिरोलचा माणूस’ हे पत्र १८८२ साली सुरू झाले. कॅथलिक विचारांचे, गावच्या पाद्र्यापासून शेतकऱ्यापर्यंत पोचणारे. ‘डोलोमीटन’ आपला वंश याच पत्रापासून मोजते.

१९२२ च्या ऑक्टोबरात फॅसिस्टांनी आधी बोत्सनवर चाल केली आणि त्याच महिन्यात रोमवर. पुढच्या वर्षी, जुलै १९२३ मध्ये, एत्तोरे तोलोमेई या सिनेटरने बोत्सनच्या नाट्यगृहात या प्रदेशाच्या इटालियनीकरणाचा ३२ कलमी कार्यक्रम जाहीर केला. तोलोमेई नावांचा माणूस होता. डोंगर, ओढे, वाड्या, गावे यांची हजारो इटालियन नावे त्याने आधीच तयार करून ठेवली होती. काही जुनी, काही भाषांतरित, काही सरळ बनवलेली. आता ती सरकारी झाली. जर्मन शाळा टप्प्याटप्प्याने इटालियन करण्यात आल्या. पुढे आडनावेही इटालियन करण्याची योजना आली. आणि ऑगस्ट १९२३ मध्ये खुद्द ‘तिरोल’ हा शब्दच वापरायला बंदी झाली.

‘डेअर टिरोलर’चे नावच बेकायदा झाले. पत्राने नाव बदलले: ‘डेअर लांड्समान’. आपल्या मुलखातला तो ‘गाववाला’, असा त्याचा भाव. नावातून तिरोल गेला आणि गाववाला उरला. पण मुलूख कोणता हे वाचकाला माहीत होते आणि सेन्सॉरलाही. १९२५ मध्ये तेही बंद करण्यात आले. जर्मन वृत्तपत्रे एकामागून एक मिटली. १९२६ पासून मेरानहून राजवटीने स्वतःचे जर्मन दैनिक काढले, ‘आल्पेनत्साइटुंग’. लोकांची भाषा वापरून लोकांना राजवटीचे म्हणणे ऐकवायचे, हा त्यामागचा हिशेब. भाषा मारायची असते तिथेही तिचा उपयोग करून घेण्याचा मोह सुटत नाही.

त्याच १९२६ मध्ये ‘डोलोमीटन’ जन्मले. मिखाएल गाम्पर या पाद्र्याने चर्चचे वजन वापरून ते काढण्याची परवानगी मिळवली. मुसोलिनीला त्या काळात व्हॅटिकनशी जमवून घ्यायचे होते, तेव्हा एका कॅथलिक जर्मन पत्राला जागा देणे त्याला परवडणारे होते. सुरुवातीला ते रोजचे नव्हते आणि बंधनाखालीच निघत होते. पण त्याचे नाव पाहण्यासारखे आहे. डोलोमाइट पर्वतरांगेचे नाव जर्मनमध्येही तेच आणि इटालियनमध्येही जवळजवळ तेच. त्यात मुलूख नाही, जमात नाही, इतिहास नाही. नुसता दगड आहे. आणि तो दगडही मूळचा इथला म्हणून ओळखला गेलेला नाही: देओदा द दोलोमिय या अठराव्या शतकातल्या फ्रेंच भूगर्भतज्ज्ञाचे नाव आधी खनिजाला लागले, खनिजाचे डोंगरांना आणि डोंगरांचे वृत्तपत्राला. ज्यांची स्वतःची नावे काढून घेतली होती त्यांनी एका फ्रेंच माणसाच्या नावाखाली आपली भाषा लपवली. बंदी उठल्यावरही जुने नाव परत घेतले गेले नाही. तोवर वाचकांनी उसने नाव आपलेसे करून टाकले होते.

*

गाम्परविषयी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. इथे ओळखीपुरते सांगतो. १८८५ मध्ये प्रिसियान या खेड्यात जन्मलेला, चर्चमध्ये ‘कानोनिकुस’ या मानाच्या पदावर असलेला हा माणूस संपादक होता, प्रकाशनसंस्थेचा प्रमुख होता आणि भूमिगत शाळांचा सूत्रधारही होता. १ नोव्हेंबर १९२३ रोजी ‘फोल्क्सबोटे’ या साप्ताहिकात त्याने लिहिले की छळाच्या काळात पहिले ख्रिस्ती जसे भुयारांत जमत, तसे आता आपल्याला आपली भाषा घराच्या आत शिकवावी लागेल. त्यावरून त्या शाळांना ‘काटाकोम्बनशूलन’ म्हणजे भुयारी शाळा हे नाव पडले. स्वयंपाकघरात, माळ्यावर, गोठ्यालगतच्या खोलीत तरुण मुली चार-पाच मुलांना गोळा करून जर्मन वाचायला-लिहायला शिकवत. पकडले तर दंड, कैद, हद्दपारी. योझेफ नोल्डिन या वकिलाला दूरच्या लीपारी बेटावर पाठवण्यात आले. आंगेला निकोलेटी ही शिक्षिका तुरुंगवास आणि पाठलाग सोसून १९३० मध्ये ऐन पंचविशीत वारली.

या शाळांचा आणि वृत्तपत्राचा संबंध सरळ आहे. घरात बोलली जाते ती तिरोलची बोली. पुस्तकातले जर्मन वेगळे. शाळा गेली तेव्हा धोका बोलीला नव्हता. ती चुलीपाशी जगली असती. धोका लिहिण्या-वाचण्याच्या भाषेला होता. छापील जर्मन घरात येण्याची जी मोजकी दारे उघडी राहिली, त्यांतले एक हे वृत्तपत्र होते. बातमी सेन्सॉर झालेली असो, वाक्यरचना शाबूत होती. एखादे पत्र मजकुरापेक्षा व्याकरणासाठी महत्त्वाचे ठरावे, अशी वेळ फार थोड्या पत्रांवर येते.

मग १९३९ आले. हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात ठरले की या लोकांनी निवड करावी: जर्मनीत स्थलांतर, किंवा इथे राहून इटलीचे नागरिक म्हणून जगणे. वर्षअखेरपर्यंत मुदत. सुमारे ८६ टक्के लोकांनी जर्मनी निवडली. प्रत्यक्षात युद्धामुळे ७५ हजारांच्या आसपास माणसे गेली. जाणारे आणि राहणारे अशी घरे फुटली, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. गाम्पर राहण्याच्या बाजूचा. फॅसिस्टांना नको असलेला हा पाद्री आता नाझींच्या समर्थकांनाही नकोसा झाला.

१९४३ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने हा प्रदेश ताब्यात घेतला. भाषेच्या हिशेबाने पाहिले तर आता जर्मन वृत्तपत्राला सोन्याचे दिवस यायला हवे होते. झाले उलटेच. नाझींनी ‘डोलोमीटन’ बंद केले, छापखाना ताब्यात घेतला आणि त्यावर स्वतःचे ‘बोत्सनर टागब्लाट’ छापू लागले. गाम्पर दक्षिणेकडे निसटला. संपादक रुडॉल्फ पॉश आणि तरुण सहकारी फ्रीडल फोल्गर यांची रवानगी डाखाउच्या छळछावणीत झाली. आधीच्या पत्राला इटालियन राजवटीने जर्मन असल्यामुळे मिटवले. या पत्राला जर्मन राजवटीने, ते आपल्या कह्यातले नसल्यामुळे. हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासाची कसोटी वाटतो. भाषा एक असली म्हणजे माणसे एका बाजूची होतात, हा समज त्या दिवशी इथे मोडला. पुढे जेव्हा जेव्हा या पत्राने ‘आपण सारे एक’ असा सूर लावला, तेव्हा त्याच्याच इतिहासातला हा दिवस त्याला उत्तर देत होता.

*

युद्ध संपताच, मे १९४५ मध्ये, पत्र पुन्हा निघाले. त्याच महिन्यात ‘झ्यूडटिरोलर फोल्क्सपार्टाय’ हा जर्मन आणि लादिनभाषकांचा पक्ष स्थापन झाला. डाखाउहून परतलेला फोल्गर पक्षातही होता आणि पत्रातही. पक्ष आणि पत्र एकाच घरात वाढलेल्या भावंडांसारखे होते आणि त्यांच्यातले प्रेम आणि भांडणही तसेच राहिले.

१९४६ मध्ये पॅरिसला ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रुबर आणि इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांनी करार केला. जर्मन शाळा परत आल्या, स्वायत्ततेचे वचन मिळाले. पण १९४८ ची स्वायत्तता शेजारच्या इटालियनबहुल त्रेंतोशी जोडून दिलेली होती. दक्षिणेकडून लोकांचे येणे चालूच होते. १९६१ च्या जनगणनेत इटालियनभाषकांचा वाटा ३४ टक्क्यांवर गेला. २८ ऑक्टोबर १९५३ रोजी गाम्परने ‘डोलोमीटन’मध्ये लिहिलेल्या लेखात आपली जमात ‘टोडेसमार्श’वर, म्हणजे मरणाच्या वाटचालीवर, निघाली असल्याचा इशारा दिला. तो शब्द लेखातून निघाला आणि लोकांच्या तोंडी बसला. गाम्पर १९५६ मध्ये वारला. १९५७ च्या नोव्हेंबरात झिगमुंड्सक्रोनच्या किल्ल्यात पक्षाचा नेता सिल्विउस माग्नागो याच्या सभेला हजारो लोक जमले आणि ‘त्रेंतोपासून वेगळे’ ही मागणी पुढे आली. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. जून १९६१ च्या एका रात्री विजेचे डझनावारी मनोरे स्फोटांनी पाडले गेले. अखेर वाटाघाटींतून १९७२ चा दुसरा स्वायत्तता कायदा आला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रिया-इटली वाद संपल्याचे रीतसर जाहीर झाले. या सर्व वर्षांचा तपशील पुढील प्रकरणांत आहे. त्यातला मोठा काळ, १९५६ ते १९८१, टोनी एबनर संपादक होते. ते इटलीच्या संसदेत खासदारही होते आणि काही काळ पक्षाचे अध्यक्षही.

इथून पुस्तकाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि मला त्याच भागासाठी हे पुस्तक लिहावेसे वाटले. छळ सोसलेल्या पत्राची कथा सांगायला सोपी असते. जिंकलेल्या पत्राची अवघड.

१९७२ नंतर दक्षिण तिरोल हा युरोपातल्या श्रीमंत प्रदेशांपैकी एक झाला. सफरचंदांच्या बागा, पर्यटन, स्वतःच्या करांतला मोठा हिस्सा स्वतःच्या हाती. सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात वाटल्या जाऊ लागल्या. शाळा वेगवेगळ्या. फोल्क्सपार्टायने १९४८ पासून २०१३ पर्यंत प्रांताच्या विधानसभेत स्पष्ट बहुमत टिकवले. आणि ‘डोलोमीटन’ प्रसिद्ध करणारी ‘आथेझिया’ ही संस्था पुस्तकांची दुकाने, छापखाना, रेडिओ, जाहिराती असा विस्तार करत गेली. बंदी आलेल्या ‘तिरोलिया’ या नावाऐवजी तिने फॅसिस्ट काळात घेतलेले नाव आदिजे नदीच्या लॅटिन नावावरून आले आहे. म्हणजे तिथेही नावाचीच कथा. टोनी एबनर यांचे एक पुत्र पुढे संपादक झाले आणि दुसरे, मिखल एबनर, संस्थेचे प्रमुख. ते युरोपीय संसदेतही पक्षाचे प्रतिनिधी होते. २०१६ मध्ये आथेझियाने ‘आल्तो आदिजे’ हे प्रांतातले इटालियन दैनिकही विकत घेतले. ज्या इटालियन पत्राशी दशकानुदशके शब्दांची लढाई चालली, ते आता त्याच घरातले झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या वृत्तपत्रांना इटालियन राज्य कायद्याने अनुदान देते. त्याचाही लाभ या पत्राला होतो.

टीका करणारेही याच मातीतले. झेक्सटनच्या शेतकरी घरातला क्लाउस गाटेरर पत्रकार झाला तो ऑस्ट्रियात जाऊन; दोन्ही बाजूंच्या राष्ट्रवादाला त्याने आरसा दाखवला. श्टेर्टसिंगचा आलेक्झांडर लांगर भाषागटांच्या भिंतींविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिला. १९८१ च्या जनगणनेत आपण कोणत्या गटाचे हे जाहीर करायला त्याने नकार दिला. १९९५ मध्ये त्याच कारणावरून त्याला बोत्सनच्या महापौरपदाची निवडणूक लढवता आली नाही. १९९६ मध्ये ‘नॉये झ्यूडटिरोलर टागेसत्साइटुंग’ हे दुसरे जर्मन दैनिक निघाले, तेव्हा जर्मनमध्ये लिहिलेल्या दोन वेगळ्या मतांमधून रोज निवड करण्याची सोय वाचकाला झाली. संरक्षणासाठी बांधलेल्या भिंतीला आतून खिडकी लागते, ती अशी.

तरीही वाचक ‘डोलोमीटन’ सोडत नाहीत, शिव्या देत वाचतात. त्याची कारणे संपादकीयात सापडणार नाहीत. स्वयंसेवी अग्निशमन दलाची वार्षिक सभा, गावच्या वाद्यवृंदाचा नवा म्होरक्या, सफरचंद फुलावर असताना पडलेले दहिवर, गारपीट, दुधाचा भाव, कोणत्या घाटात दरड आली. हे दुसरे कोण छापणार? लादिन मजकुरालाही इथे जागा असते. भाषाही पाहावी. इथल्या जर्मनमध्ये पोलीस मुख्यालय ‘क्वेस्टूर’ असते, बदली शिक्षक ‘सुप्लेंट’. इटालियन राज्यव्यवस्थेतले शब्द जर्मन कपडे घालून वावरतात. व्हिएन्ना किंवा म्युनिकचे कोणतेही मोठे दैनिक हे जर्मन लिहीत नाही. म्हणून बाहेरून कितीही चांगली जर्मन पत्रे आली तरी या वाचकाला स्वतःचे पत्र लागतेच. भाषा एक असली तरी कचेऱ्या वेगळ्या आहेत.

अशी पत्रे युरोपात इतरत्रही आहेत. पूर्व बेल्जियमचे जर्मन ‘ग्रेंत्स-एखो’, जर्मनीतल्या डेन्मार्ककरांचे ‘फ्लेन्सबोर्ग आविस’, बाउत्सनचे सोर्बियन ‘सेर्ब्स्के नोविनी’, फिनलंडमधले स्वीडिश ‘हुवुडस्टाड्सब्लाडेट’. अशा दैनिकांची ‘मिडास’ ही संघटना २००१ साली स्थापन झाली, तिचे ठिकाणही बोत्सनच. डेन्मार्कमधल्या जर्मनांचे ‘डेअर नॉर्डश्लेस्विगर’ फेब्रुवारी २०२१ मध्ये कागदावरून पडद्यावर गेले. ही वाट बाकीच्यांनाही कधी ना कधी चालावी लागेल. मी या सगळ्यांतून ‘डोलोमीटन’ निवडले, कारण दुबळे आणि बलवान या दोन्ही अवस्था एकाच पत्राने भोगल्याचे उदाहरण इतके ठळक दुसरे दिसले नाही.

*

शेवटी लेखनाविषयी एक खुलासा. हे पुस्तक लिहिताना पहिली अडचण आली ती इतिहासाची नव्हती, नावांची होती. राजधानीला बोत्सन म्हणावे की बोल्झानो? प्रांताला दक्षिण तिरोल की आल्तो आदिजे? मला वाटले होते, देवनागरीत लिहिणारा माणूस या भांडणाबाहेरचा. मला कोणतेही नाव चालेल. दोन पानांतच कळले की चालत नाही. तोलोमेईची नावे कायद्याने आजही टिकून आहेत आणि त्यांवरचा वाद मिटलेला नाही. शिवाय त्यांतल्या एखाद्या नावाच्या गावात आज जन्मलेली इटालियन मुलेही वाढतात. त्यांच्यासाठी ते नाव कुणी लादलेले नाही, ते घराचे नाव आहे. पत्राच्या वाचकांची कथा सांगतो आहे म्हणून मी त्यांच्या तोंडातली जर्मन नावे वापरली आहेत, आणि इटालियन पात्रे बोलतात तिथे इटालियन. त्यामुळे एकच शहर या पुस्तकात दोन नावांनी येईल. वाचकाने गोंधळून जाऊ नये. तिथल्या रस्त्यावरच्या पाटीवरही ते दोन्ही नावांनीच लिहिलेले असते.

निधनाच्या पानावर मात्र नाव एकच असते, ज्याने त्याने जन्मभर वापरलेले. त्याखाली घराचे नाव.